काहिलीचं कडं आणि चेंडूची जागा

सीमेपलीकडच्या भालकीला बदली झाली तेव्हा मला खोली मिळाली ती एका अटीवर. पाणी कधी येतं, कपडे कुठं वाळत घालायचे, बाहेरचं दार कधी लागतं, हे सगळं घरमालकीणबाईंनी, म्हणजे अक्कांनी, सांगून झालं होतं. एवढ्यात घरमालक आतून एक लांब लोखंडी काठी घेऊन बाहेर आले. काठीच्या टोकाला वाकडं, चपटं डोकं होतं. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. ते म्हणाले, "म्याडम, सकाळी ब्यांकंला जायच्या आदी जरा येळ माझ्या मागं उबं ऱ्हावं लागंल."

मी माझ्या बॅगेकडे बघितलं. लातूरची बस अजून मिळाली असती.

"माझं मला दिसत न्हाई," अप्पा समजावून सांगू लागले. "काठी डोस्क्यामागं जाती. तितं ती वाटंवर हाय का वाट सोडून गेली, ते मागनं बगनाऱ्यालाच कळतंय. तुमच्या आदी एक मास्तर ऱ्हायचे. ते बदलून गेले आन् माझं समदं बिगडलं."

"पण हे आहे काय?"

"गोल्फ म्हनं," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "लोक म्हातारपनी माळ जपतेत. हेनी काठी जपतेत."

मी मुळात भोचक. चारचौघांसारखा घरमालक असता तर कदाचित मी ती खोली घेतली नसती. चहा पिऊन झाल्यावर मी बॅग वर नेली.

अप्पा जन्मभर शेती आणि बाजारपेठेत खताचं दुकान करत आलेले. दुकान आता पुतण्या बघायचा. कपाळाला विभूती, अंगात बंडी, पायात रबरी बूट, असा त्यांचा सकाळचा वेश. खरं गोल्फचं मैदान त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. काठ्या हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेल्या. त्यातली एक डावखुऱ्याची निघाली. ती अक्कांनी मागून घेतली आणि त्या तिनं वाळवणावरचे कावळे हाकत.

अंगणात, तुळशीपासून जरा लांब, एक मोठं लोखंडी कडं तिरकं उभं केलेलं होतं. पूर्वी त्यांचं गुऱ्हाळ होतं. गुऱ्हाळ बंद पडलं, रस उकळायची काहील फुटली, तेव्हा तिची कड अप्पांनी वेल्डरकडून गोल कापून घेतली होती. त्या कड्याला मागून दोन बाभळीच्या मेढींचा टेकू. खालची कड पायांपुढं जमिनीला टेकलेली आणि वरची कड खांद्यामागून गेलेली, असे अप्पा त्या कड्याच्या आत उभे राहत आणि काठी कड्याला घासत मागं नेत, वर नेत, आणि तशीच घासत खाली आणत. रोज सकाळी खर्रर्र, खर्रर्र. शेजारणी त्या आवाजावर दूध तापवायला ठेवायच्या.

"ह्येला प्लेन म्हनतेत," अप्पा म्हणाले. "काठीची वाट. काठी ह्या कड्यावरनं फिरली की चेंडू सरळ जातोय. वरनं कडं वलांडून खाली आली की चेंडू उजव्या हाताला पळतोय, कड्याच्या लई खालनं आली की आनि वायलंच कायतर. लांब काठीला आपुन चेंडवापस्नं दूर उबारतो, मग कडं जरा निजवायचं. आखूड काठीला जवळ उबारतो, मग कडं जरा उटवायचं. समजलं का?"

मला काही समजलं नव्हतं. मी मान हलवली.

माझं काम सोपं होतं. त्यांच्या मागं, चेंडूच्या रेषेत उभं राहायचं, आणि ते कडं सोडून मोकळ्यावर काठी फिरवतील तेव्हा "वर", "खाली" किंवा "बरोबर" यांपैकी एक म्हणायचं. पहिले काही दिवस मी सरसकट "बरोबर" म्हणत गेले. बँकेत जायची घाई, आणि वडीलधाऱ्या माणसाला सकाळी सकाळी नाही कशाला म्हणा. एके दिवशी अप्पांनी काठी खाली ठेवली आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"म्याडम, ही आत्ताची कशी व्हती?"

"बरोबर."

"ही मी मुद्दाम चुकवलती."

अक्का पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांची जुडी खाली पडली. त्या दिवसापासून मी नीट बघायला लागले, आणि गंमत म्हणजे मला दिसायला लागलं. अप्पांचा उजवा खांदा घाई करायचा. त्यानं घाई केली की काठी कड्याच्या बाहेरून, वरून यायची. मी "वर" म्हणायची आणि अप्पा स्वतःच्याच खांद्याला कानडीत काहीतरी बोलायचे. ते मी अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्ये बायकांनी इचारायचं न्हाई."

एकदा दिसायला लागल्यावर मात्र मलाही सगळीकडे तीच वाट दिसू लागली. हापशाचा दांडा, उसाची मोळी ट्रकवर फेकणारा गडी, लाह्या भाजणाऱ्या बाईचा हात. माझी आई लातूरहून आली आणि तिला गाणगापूरला जायचं होतं, म्हणून आम्ही सगळे मिळून गेलो. आरतीच्या गर्दीत अप्पा टाचा उंचावून बघत होते. मला वाटलं, भक्ती उचंबळून आली. बाहेर आल्यावर ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्यो पुजारी बगितलाव का? मनगट ढिलं, खांदा गप. ताट चाकोरी सोडत न्हाई."

"देव बगितला का तुमी?" अक्कांनी विचारलं.

"देव हितंच ऱ्हातोय. पुजारी बदलतेत."

माझी आई परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी सरकून बसली. मग मला हळूच म्हणाली, "खोली बदलतीस का?"

कडं झालं, तसं दुसरं प्रकरण चेंडू कुठं ठेवायचा याचं. ते ओट्यावर चालायचं. ओट्याला शहाबादी फरशी, आणि तिचे सांधे अप्पांना आयते सापडले. एका सांध्यावर दोन्ही टाचा ठेवायच्या, आडव्या सांध्यावर चेंडू. घरात खरा चेंडू मारायला अक्कांची बंदी होती, म्हणून लिंबू. लोणच्याच्या दिवसांत त्यावरून रोज खटका उडायचा.

एका सकाळी अप्पांनी काठीच्या डोक्याला खालून ओला चुना फासला आणि लिंबू न ठेवताच काठी हलकीच फिरवली. फरशीवर पांढरा फराटा उमटला. परत फिरवली. फराटा जवळजवळ तिथंच. मग ते मुद्दाम अंग मागं झुकवून उभे राहिले, तर फराटा मागं सरकला.

"हे बगा," ते उकिडवे बसून मला दाखवू लागले. त्यांचा आवाज एखाद्याला गुपित सांगावं तसा झाला होता. "मी वरीसभर चेंडू मनानं ठेवायचो. आज फुडं, उद्या मागं. आन् दोष द्यायचो हाताला. काठी फिरती तवा एकाच जागी सगळ्यात खाली येती, झोक्यावानी. आखूड काठीला चेंडू त्या जागंच्या जरासा अलीकडं ठेवायचा, मंजे काठी खाली येता येता त्येला लागती. लांब काठीला चेंडू लाकडाच्या खुट्टीवर वर ठेवायचा, आन् त्या जागंच्या जरा फुडं, मंजे ती वर जाता जाता लागती. चेंडू मनानं ठेवायचाच न्हाई. काठीला इचारून ठेवायचा."

खरं सांगते, त्या फराट्याकडे बघताना मला फार आनंद झाला. शाळेत वर्तुळं, कोन, स्पर्शिका मी पाठ करून पास झाले होते. वर्तुळ जमिनीला कुठं टेकतं याची कुणाला इतकी ओढ असू शकते, हे मला माहीत नव्हतं. अक्कांना मात्र फरशीवरचा चुना पुसावा लागला.

सोयाबीन निघालं की रस्त्याकडेचं वावर अप्पा मोकळं ठेवायचे. रब्बीची ज्वारी पेरायची सोडून माणूस वावर मोकळं ठेवतो, हे गावाच्या पचनी पडत नव्हतं. तिथं त्यांनी एक डबा जमिनीत पुरला होता आणि त्यात अक्कांच्या जुन्या पातळाची चिंधी बांधलेली काठी रोवली होती. एका रविवारी बघ्यांपैकी काहींनी हात आजमावायचं ठरवलं. ऊसतोड टोळीचा मुकादम पुढं झाला. त्यानं गुडघे वाकवले, उजवा हात खाली सरकवला आणि काठी अशी आडवी, बुडातून आणली की चेंडूच्या मागचं ढेकूळ उडून अप्पांच्या बंडीवर बसलं. ऊस जमिनीलगत तोडायचा, बुडखा ठेवायचा नाही, हे त्याच्या हाताला जन्माचं वळण. त्यानं परत मारलं, परत ढेकूळ. "ह्येचं कडं पार निजलंय," अप्पा मला म्हणाले. मग वखारवाला आला. त्यानं कुऱ्हाडीसारखी काठी सरळ डोक्यावर नेली आणि ती जमिनीत अशी रुतवली की काढायला दोघं लागले. "आन् ह्येचं उबं हाय."

सगळे हसत असताना अक्का पदर खोचून पुढं आल्या, अंगण झाडावं तशी काठी सहज फिरवली, आणि चेंडू टप्पे खात सरळ चिंधीकडे गेला.

"ह्यात काय हाय एवढं?" असं म्हणून त्यांनी काठी परत दिली. नंतर कधी हातात घेतली नाही. अप्पा मात्र बरेच दिवस जेवताना त्यांच्या हाताकडं बघत असत.

हे सगळं कशासाठी, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. अप्पांना विचारलं तर ते "असंच" म्हणायचे. शेवटी एकदा पापड लाटताना अक्कांनी सांगितलं.

त्यांचा एकुलता मुलगा बंगळूरला मोठ्या कंपनीत होता. घरात त्याला तम्मा म्हणत. बापलेकाचं भांडण वगैरे काही नव्हतं. बोलणंच नव्हतं. अप्पा धाकात वाढवणारे, पोरगा अबोल. फोन व्हायचा, पण अप्पांच्या हातात दिला की दोघंही गप्प. "पाऊस हाय का?" "न्हाई." "बरं मग." आणि फोन परत अक्कांकडे. एकदा तम्मा बोलता बोलता म्हणाला, साहेबांनी मला गोल्फ खेळायला नेलं होतं. अप्पांनी फोन कानाशी तसाच धरून विचारलं, "म्हंजे कसं असतंय त्ये?" आणि पोरगा बोलत सुटला. त्यांना काही कळलं नाही, पण पुढच्या रविवारी त्यांनी परत विचारलं.

"तवापास्नं हे खूळ," अक्का म्हणाल्या. "त्यो दर शनवारी खेळतोय म्हनं, आन् ऐतवारी फोनवर एकमेकांस्नी काय काय सांगतेत. कडं काय, खांदा काय. मला फोन मिळना झालाय."

मग मी रविवारी कान देऊन ऐकू लागले. अप्पा ओट्यावर येरझाऱ्या घालत बोलायचे. "तुझा चेंडू कुटं असतोय? डाव्या टाचंला? मग बरोबर हाय. माझा मागं जायलाय." पलीकडून तम्मा काहीतरी सांगायचा आणि अप्पा "हौ, हौ" करत ऐकायचे. फोन ठेवला की त्यांच्या चेहऱ्यावर जेवून उठल्यासारखं समाधान असे. मी वर जाताना जिन्यावर थांबून ते बघत असे, हेही सांगून टाकते.

त्या वर्षी तम्मा येळवशीला येणार असं कळलं. येळवस म्हणजे आमच्या सीमेकडचा मोठा सण. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगड पांडव म्हणून मांडतात, घरधन्यानं पूजा करून आंबील पिकावर शिंपडायची, आणि मग पंगत. पूजेआधी कुणी घास घेत नाही. ओळखीपाळखीचे, बँकेतले, बाजारातले, सगळ्यांना आवतण असतं.

अप्पांची झोप उडाली. पहाटेपासून खर्रर्र. मी मागं उभी, आणि त्यांची काठी रोज वरून येत होती. उजवा खांदा काही ऐकत नव्हता.

"राहू द्या आज," मी म्हणाले.

ते कड्यात उभ्या उभ्याच म्हणाले, "म्याडम, त्यो तितं हिरव्या गवतावर खेळतोय, साहेबलोकांसंगं. मी ढेकळात शिकलो. माझं बगून त्येला हसू आलं, तर त्यो फुडच्या ऐतवारी काय बोलंल माझ्याशी? ह्यो खेळ गेला की आमचं बोलनं गेलं. परत पाऊस हाय का, न्हाई, बरं मग."

 मी "परत मारा" म्हणाले, आणि त्यांनी मारलं. तीही वरूनच आली.

येळवशीच्या दिवशी तम्मा आला. तिशीतला, चष्मा लावणारा, बापासारख्याच रुंद खांद्यांचा. ज्वारी हुरड्याला आलेली, बांधावर माणसंच माणसं. कोपीपाशी अक्का पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं मांडत होत्या. पूजेला अजून थोडा वेळ आहे असं बघून अप्पा काठ्या काखोटीला मारून मोकळ्या वावराकडं निघाले. मला खूण केली. तम्मा पाय ओढत मागून आला.

"अप्पा, आदी पूजा करू की."

"दोन मारून येऊ."

"खांदा दुखायलाय माझा."

"एकच मार. तुझं बगून मग मी मारतो."

त्यांनी स्वतःच्या हातानं चेंडू ठेवला, सगळ्यात चांगली काठी तम्माच्या हातात दिली आणि बाजूला झाले. मी सवयीनं मागं, रेषेत जाऊन उभी राहिले. अप्पांनी एकदा बंडी खाली ओढली. एवढा घाबरलेला माणूस मी बँकेत कर्ज मागायला आलेल्यांतही बघितला नव्हता.

तम्मानं गुडघे वाकवले. उजवा हात काठीवर खाली सरकवला. आणि काठी आडवी, बुडातून, जमिनीलगत आणली. ढेकूळ उडालं. चेंडू जागच्या जागी.

लहानपणी सुट्टीत बेण्याचा ऊस तोडताना हाताला लागलेलं वळण होतं ते. हिरव्या गवतावर साहेबांबरोबर दर शनिवारी खेळणारा माणूस असं मारत नाही. मला ते कळलं, म्हणजे अप्पांना कळलंच असणार.

 कोपीकडून बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"दोनदाच गेलतो अप्पा," तम्मा खाली बघत म्हणाला. "मग ते साहेबच बदलून गेले. परत कुनी बोलवलं न्हाई."

"मग दर ऐतवारी सांगायलास ते?"

"मोबाईलवर बगायचो. शनवारी बसून. तुमी इचारनार म्हनून." त्यानं चष्मा काढून पुसला. "तुमी माझ्याशी येवढं कदी बोलला नव्हता. बंद पडंल म्हनून सांगितलं न्हाई."

मी तिथून निघून जायला हवं होतं. घरच्या गोष्टी घरच्या असतात. पण खरं तर मला जायचं नव्हतं. अप्पा आता काय करतील? ओरडतील, काठ्या उचलून चालायला लागतील, की त्यांच्या पिढीचे बाप करतात तसे नुसते गप्प होतील?

"मंजे तुला काय येत न्हाई," अप्पा म्हणाले.

"न्हाई."

"कडं, चेंडवाची जागा, काईच न्हाई?"

"ऐकून ठावं हाय. हाताला काईच येत न्हाई."

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. रागाचा मागमूस नव्हता. इतके दिवसांचं ओझं कुणी डोक्यावरून उतरवून घ्यावं तसे अप्पा सैल झाले, आणि मग चक्क खुशीत आले.

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय रं? मी हितं मरायलोय भ्यानं, पोरगं काय म्हनंल म्हनून! उबा ऱ्हा. असा न्हाई. टाचा जुळव. चेंडू पार फुडं गेलाय तुझा."

त्यांनी बुटानं चेंडू जरा मागं सरकवला. मग तम्माच्या मागं जाऊन दोन्ही हात त्याच्या अंगाभोवतून पुढं घेतले आणि त्याची मनगटं धरली. आमच्याकडं मिसरूड फुटल्यावर बाप मुलाला जवळ घेत नाही. तशी रीतच नाही. अप्पांना त्या क्षणी रीतबित आठवत नसावी. तम्माचं डोकं त्यांच्या हनुवटीखाली आलं होतं. दोघांच्या चार हातांत एक काठी, ती हळूहळू मागं गेली, वर गेली, खाली आली. "खांदा गप ठेव. गप. असं. परत." ती अगदी वाटेवर होती. पण मला विचारायला कुणाला सवड नव्हती, आणि मला डोळ्यांतल्या पाण्यानं धड दिसतही नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं. कोपीपाशी पाहुणे चुळबुळ करू लागले. पुतण्या दोनदा हाका मारून गेला. वखारवाला मुकादमाला म्हणाला, भुकेनं जीव जायची वेळ आली, पूजा कधी होणार? शेवटी अक्का बांधापर्यंत आल्या. मला वाटलं, आता ह्या दोघांची खरडपट्टी निघते. त्या कपाळावर हात धरून बराच वेळ वावराकडं बघत राहिल्या. मग पदरानं तोंड पुसून मागं वळल्या आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थांबा जरा. घरधनी कामात हाय."